शकुनबाईचं कोरडं टमरेल

गावाचं नाव सांगत नाही. तुमसरच्या आसपासचं आहे, एवढं पुरे. त्या वेळचे नगरपालिकेतले बरेच जण अजून धडधाकट आहेत आणि त्यातला एक माझा व्याही आहे. उगाच माझ्या पोरीला सासरी ऐकून घ्यावं लागायचं.

मी रत्नाबाई. ओसरीवर मशीन टाकून ब्लाउज शिवते. आमच्या ओसरीवरून अख्खा मोहल्ला दिसतो, आणि जे दिसत नाही ते माप द्यायला येणाऱ्या बाया सांगून जातात. शकुनबाई माझी भिंतीला भिंत लागून शेजारीण. वयानं मोठी, म्हणून तोंडावर मी तिला ‘तुम्ही’च म्हणायची, पण गोष्ट सांगताना ‘ती’ म्हणणार. जिनं भर सभेत नगराध्यक्षाच्या टेबलावर टमरेल पालथं घातलं, तिला अहो-जाहो करत बसले तर गोष्टीची मजाच जाईल.

तिचा नवरा श्यामराव, धान-तांदळाचा व्यापारी. माणूस वाईट नाही, पण त्याला एक घमेंड होती. मोहल्ल्यातला पहिला फरशीचा संडास त्याचा. पंच्याहत्तर-शहात्तरची गोष्ट. बाकी सगळा मोहल्ला, माझ्यासकट, तलावाच्या पाळीकडं, म्हणजे बांधाकडं, टमरेल घेऊन जायचा आणि ह्याच्याकडं नागपूरहून आणलेल्या पांढऱ्याशुभ्र फरश्या! पाहुणा आला की आधी पाणी, मग चहा, मग संडास दाखवणं. दाराला कुलूप असायचं आणि किल्ली श्यामरावच्या करदोट्याला. एकदा तुमसरचे एक पाहुणे आत गेले ते बाहेरच येईनात. दार वाजवलं तर म्हणाले, “बसू द्या जी, गार लागून राह्यलं.”

अशा घरची बाई पायी कशी चालणार? दुकान घराच्याच पुढच्या अंगाला. शकुनबाई सकाळी न्हाऊन-धुऊन गादीवर बसली की दुपारी जेवायला उठायची. बाजारात जायचं तर रिक्षा. माझ्याकडं माप द्यायचं तर मीच टेप घेऊन जायची, आणि दर दिवाळीला टेपावर बोट थोडं पुढं सरकवायची. बोलायची नाही, गिऱ्हाईक होतं.

तिची थोरली बहीण देवकाबाई लाखनीला दिलेली. घर अगदी हायवेला लागून. तिला शुगर निघाली. डॉक्टरनं सांगितलं, रोज चालत जा. देवकाबाई म्हणे, “चालू कुठी? दारातून पाय बाहेर टाकला का ट्रक.” नाही चालली. बसून राहिली. मग पायाला जखम झाली, ती चिघळली, आणि नागपूरला नेऊन गुडघ्याखाली पाय कापावा लागला. त्या पायाचं जोडवं तिनं कुंकवाच्या डबीत ठेवून दिलं. शकुनबाईनं ते पाहिलं आणि घरी येऊन माझ्यापाशी ढसाढसा रडली. वर्ष गेलं नाही तर तिला स्वतःलाच शुगर निघाली.

“रत्नाबाई,” ती मला म्हणाली, “मले दोन्ही पायांतल्या जोडव्यांनं सरणावर जायचं हाये. बाकी काही मागत नाही मी देवाले.”

डॉक्टरनं तिलाही तेच सांगितलं. सकाळी तासभर पायी फिरा, नाहीतर बहिणीसारखी गत होईल.

आता तुम्ही म्हणाल, मग फिरायचं, त्यात काय मोठं? अहो, आमच्या गावात फिरायला जागा आणि कारण, दोन्ही लागतं. मोठ्या रस्त्यावर धानाचे ट्रक, बैलबंड्या आणि कडेला उघडी नाली. गल्लीतून जावं तर दर चार घरांमागं एक बाई अंगण झाडत उभी, आणि तिनं विचारलंच पाहिजे, “कुठी चालल्या जी?” त्याला ठोस उत्तर द्यावं लागतं. दळण, मयत, लग्न, माहेर, काहीही चालेल. पण कुठंतरी जायला हवं. नुसतंच चाललेलं माणूस आमच्याकडं एक तर वेडं असतं किंवा भांडून निघालेलं असतं.

पहिल्या दिवशी शकुनबाई रिकाम्या हातानं निघाली. कोपऱ्यावरच्या गोदावरीबाईनं झाडू थांबवून विचारलं, “कुठी चालल्या जी?”

“असंच,” शकुनबाई म्हणाली आणि तलावाच्या दिशेनं पुढं गेली.

झालं! मोठ्या घरची बाई, पायी, एकटी, रिकाम्या हातानं, तलावाकडं, आणि विचारलं तर ‘असंच’! गोदावरीबाईनं झाडू फेकला आणि बोंब ठोकली, “अरे बाप्पा, धावा रे! शकुनबाई जीव द्याले चालली!” चार बाप्ये धावले. त्यांनी शकुनबाईला पाळीच्या पायथ्याशी गाठलं आणि हातापायाला धरून उचलून घरी आणून टाकलं. ती ओरडत होती, “सोडा रे मुडद्यांनो, मी फिराले चालली!” पण जीव द्यायला निघालेलं माणूस खरं थोडंच बोलतं? श्यामराव बनियनवरच दुकानातून धावत आला. माझी हसून हसून सुई बोटात घुसली.

दुसऱ्या दिवशी तिनं पूजेचं ताट घेतलं. देऊळ घरापासून हाकेच्या अंतरावर. ते ओलांडून ताट घेऊन पुढं गेली तर लोक हात जोडून ताटात चिल्लर टाकायला लागले. संध्याकाळपर्यंत बातमी आली की श्यामरावचं दिवाळं निघालं आणि बायको देवाच्या नावानं मागत फिरते. श्यामरावनं ताट काढून घेतलं आणि म्हणाला, “फिराचंच हाये तं आंगणात फिर.” अंगणात धानाची पोती. पोत्यांभोवती फिरून फिरून तिला घेरी आली.

मग तिला सुचलं. तिनं टमरेल घेतलं.

टमरेलवाल्या माणसाला आमच्याकडं कोणी काही विचारत नाही. समोरून आला तर लोक नजर खाली घालून बाजूला होतात. मेव्हणा असला तरी रामराम करत नाहीत. गोदावरीबाईसुद्धा तोंड फिरवून झाडत राहिली. शकुनबाई थाटात मोहल्ल्यातून निघाली, पाळीवर चढली आणि मोहाच्या झाडांखालून पार बाजाराच्या टोकापर्यंत जाऊन आली. आली ती तोंड फुललेलं. “रत्नाबाई, पाळीवर केवढी हवा हाये व! अन् पाण्यावर पाखरं किती! मले इतक्या वर्षांत कोणी सांगतलंच नाही.”

सांगणार कोण? आम्ही पाळीवर पाखरं पाहायला थोड्याच जात होतो.

टमरेल कोरडं असायचं. त्यात ती सुपारी ठेवायची. पाणी घेतलं तर हिंदकळून लुगड्यावर सांडतं, आणि घेऊन करायचं काय? घरी फरश्या होत्या की.

पण गाव म्हणजे गाव. टमरेलाला कोणी तोंडावर विचारत नाही, पण मागं मोजतात. सकाळी जाते, तासभर येत नाही. संध्याकाळी परत जाते, पुन्हा तासभर. आठवड्याभरात निदान झालं. शकुनबाईला हगवण लागली आहे आणि श्यामरावचा संडास तुंबला आहे. मोहल्ल्यातून बेलाचा मुरब्बा आला, डाळिंबाची साल आली, साबुदाण्याची पेज तर तीन घरांतून आली. दुकानात तांदूळ घ्यायला आलेला माणूस हळूच विचारायचा, “बाईचं पोट कसं हाये आता?” आणि वर, “फरशीले काही भरोसा नाही जी. आपली पाळच बरी.”

श्यामरावचा जीव जायची पाळी. खरं सांगावं तर बायको बिनकामाची गावभर हिंडते हे कबूल करायचं, ते तर हगवणीहून वाईट. म्हणून तो येणाऱ्या-जाणाऱ्याला दंड धरून मागं न्यायचा, कुलूप काढायचा आणि बादलीभर पाणी ओतून दाखवायचा. “पाहा! कसं सरसर जाते! तुंबलं म्हणे!” लोक मान डोलवायचे, आणि बाहेर येऊन म्हणायचे, बादली त्यानं जरा हळूच ओतली.

पाळीवर पहाटे बायकांचा जथा असायचा, बिड्या वळणाऱ्या सगळ्या. त्यातली पुष्पाबाई तोंडाची फाटकी. एक दिवस कुत्र्यानं तिचं टमरेल लवंडलं. तिनं शकुनबाईला गाठलं. “बाई, जरासं पाणी द्या जी. माह्यं सांडलं.”

शकुनबाईनं टमरेल पदराखाली घेतलं. पुष्पाबाईला वाटलं, मोठ्या घरची बाई पाण्यालाही नाही म्हणते. तिनं रागानं टमरेल ओढून पाहिलं तर आत दोन सुपाऱ्या.

“माय व!” ती किंचाळली. “तुम्ही कोरड्याच येता?”

बायका अशा हसल्या की तलावातली पाखरं उडाली. शकुनबाईचं तोंड लाल झालं. पण तिनं मग मोहाच्या बुंध्याशी टेकून सगळं सांगितलं. देवकाबाईचा पाय सांगितला, कुंकवाच्या डबीतलं जोडवं सांगितलं. पुष्पाबाई गुडघे चोळत म्हणाली, “बिड्या वळून वळून आमचेही टोंगळे लाकूड झाले, बाई. चला, आम्ही पण येतो. पण टमरेल राहू द्या हातात. नाहीतर आमच्याही घरी मुरब्बा येईल.”

तेव्हापासून सगळ्या एकत्र. आपलं आपलं काम उरकलं की पाळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मिरवणूक. मीसुद्धा सामील झाले. मशीनवर बसून माझीही कंबर गेलीच होती. सासू-सुनांच्या चहाड्या, सिनेमाच्या गोष्टी, जावयांची नक्कल, काय काय चालायचं! शकुनबाईची शुगर उतरली. दिवाळीला टेप पहिल्यांदा मागं सरकला. मी मुद्दाम दोनदा मोजलं.

आणि मग ब्याऐंशी साली नगरपालिकेला सुधारणेचा झटका आला.

नगराध्यक्ष तुलारामजी. तलावाचं उद्यान करायचं त्यांच्या डोक्यात आलं. नागपूरहून इंजिनिअर आला, नकाशा नगरपालिकेच्या भिंतीवर लागला. मी पाहून आले. पाळीवर काटेरी तार, मोठ्या रस्त्याच्या बाजूनं एकच फाटक, फाटकावर तिकीट, वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. नकाशात एक टोपीवाला साहेब कुत्र्याला दोरी बांधून फिरत होता. आमच्या गावात कुत्र्यांना फिरवावं लागत नाही, ती आपली आपण फिरतात. आणि सकाळी दहाला कोण फिरेल? दहाला बिडीवाली कारखान्यात माल टाकायला जाते आणि भरल्या घरची बाई चुलीपुढं असते.

तार लागली. मोहल्ल्याकडचा रस्ता बंद, बाजाराकडचा बंद. बिनसंडासाच्या बायका कुठं जाणार, याचं उत्तर नकाशात नव्हतं; त्या रेल्वेलाईनकडं जायला लागल्या. आणि उद्यानात कोण गेलं? उद्घाटनाला तुलारामजी गेले. नंतर तिथं एक बकरी असायची, तीही तिकीट न काढता.

शकुनबाई पुन्हा अंगणात, पोत्यांभोवती. पायाला मुंग्या यायला लागल्या तशी ती घाबरली आणि एका सकाळी टमरेल घेऊन मोठ्या रस्त्यानंच निघाली. मागून ट्रकनं असा भोंगा मारला की ती दचकून नालीत उतरली. काचेचा तुकडा डाव्या पायाच्या करंगळीत घुसला. वरून एवढंसं होतं. शुगरच्या माणसाला ते पुरतं. करंगळी काळी पडली, तिला भंडाऱ्याला नेलं, आणि डॉक्टरनं करंगळी काढून टाकली. म्हणाला, जपा, नाहीतर पुढचं बोट, मग पाऊल.

मी भेटायला गेले तेव्हा ती पायाकडं पाहत बसली होती. जोडव्याचं बोट शाबूत होतं. त्याच्यापासून दोन बोटं सोडून पांढरी पट्टी. “जवळ येऊन राह्यलं, रत्नाबाई,” ती म्हणाली. मी शिव्या दिल्या, तुलारामजीच्या सात पिढ्यांना. तेवढंच जमतं मला.

पुढच्या महिन्यात नगरपालिकेनं सभा बोलावली. उद्यानाला जोडून आणखी बांधायचं होतं, लोकांच्या हरकती ऐकायच्या होत्या. हरकती म्हणजे काय, दोन भाषणं आणि भजी. पहिल्या रांगेत श्यामराव आणि बाकीचे व्यापारी. तुलारामजी हार घालून बसलेले. आणि मागच्या दारानं आम्ही शिरलो. पुढं शकुनबाई, पायाला पट्टी, मी तिला धरून. मागं पुष्पाबाई आणि बिडीवाल्या. सगळ्यांच्या हातात टमरेल.

टमरेलवालीकडं पाहायचं नसतं, आणि इथं तर खोलीभर टमरेलं! पुढारी छताकडं पाहायला लागले.

तुलारामजींनी मात्र शकुनबाईला ओळखलं आणि गालात हसत म्हणाले, “वहिनी, या बायांचं समजलं. पण तुमच्या घरी तं फरशीचा संडास हाये. तुम्हाले पाळीवर काय काम?”

खोलीत खसखस पिकली. श्यामरावनं मान खाली घातली. शकुनबाई माझा हात सोडून पुढं गेली आणि तिनं टमरेल त्यांच्या टेबलावर, भिंतीवरून काढून पसरलेल्या त्या नकाशावरच, पालथं घातलं. तुलारामजी खुर्चीसकट मागं सरकले. टमरेलातून दोन सुपाऱ्या पडल्या आणि घरंगळत साहेबाच्या कुत्र्यापाशी थांबल्या.

“थेंबभर पाणी नव्हतं यात कधी,” ती म्हणाली. “मी फिराले जात होती. फिराले! बाईमाणसानं फिराले जातो म्हटलं का तुम्ही तिले उचलून घरी आणता, म्हणून हे टमरेल घेतलं. माह्या बहिणीले चालाले जागा नव्हती, तिचा पाय गेला. मले जागा होती, तिथं तुम्ही तार लावली.”

मग तिनं काय करावं? तिनं समोरची खुर्ची ओढली आणि त्यावर पट्टीचा पाय ठेवला. मोठ्या घरच्या बाईनं, नवऱ्यादेखत, भर सभेत.

“एक बोट तुमच्या तारेच्या नावानं गेलं. हे पाहा, हे जोडव्याचं. हे मी देणार नाही. तार काढा. दोन्ही टोकं मोकळी करा, म्हणजे माणूस बाजारात जाताना, पोरं शाळेत जाताना पाळीवरून जातील. अन् या बायांसाठी मोहल्ल्याच्या अंगाले संडास बांधा, म्हणजे पाळ साफ राहील. उद्यान तुमच्या घरी लावा.”

कोणी हसलं नाही. माझे डोळे भरून आले होते आणि पुष्पाबाईनं तर पदर तोंडात कोंबला होता. एवढ्यात पहिल्या रांगेतून श्यामराव उठला. आता हा बायकोला ओढून नेणार.

श्यामराव घसा खाकरून म्हणाला, “अध्यक्षसाहेब, माहा संडास एकदम ठीक हाये. तो कधीच तुंबला नव्हता. हे सभेच्या कामकाजात लिहून घ्या.”

कारकून लिहायलाच लागला. श्यामराव खाली बसता बसता पुन्हा उठला. बायकोच्या पायाकडं पाहून म्हणाला, “अन् तार काढा.”

त्याच्यामागं एक एक व्यापारी उठला. निवडणूक जवळ आली होती आणि टमरेलं सोळा-सतरा होती. तुलारामजींना हिशेब कळत होता. तार निघाली. ती कोणाकोणाच्या वावराला लागली ते मी सांगणार नाही, व्याही आहे. पाळीवर मुरूम पडला, मोहाखाली दगडाचे बाक आले. बायकांचे संडास बांधायला त्यांनी दोन वर्षं घालवली, आणि बांधले तेव्हा दारं विसरले. त्यासाठी आम्हाला पुन्हा एकदा टमरेलं घेऊन जावं लागलं.

पण पाळ चालायला मोकळी झाली. बाजारात जायला तीच जवळची पडायला लागली. शाळेतली पोरं, देवळातली म्हातारी, दूधवाले, सगळे तिच्यावरून. ट्रकच्या धुरातून कोण जाईल? ज्यांनी जन्मात व्यायाम केला नाही ते रोज कोस-कोस चालत होते आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. श्यामरावसुद्धा संध्याकाळी यायला लागला. सुरुवातीला महिनाभर त्याच्याही हातात टमरेल असायचं. एकदम रिकाम्या हातानं त्याला जमेना.

सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात शकुनबाईनं देवकाबाईला लाखनीहून आणलं. रिक्षा थेट पाळीच्या टोकापर्यंत गेली. आम्ही तिला मोहाखालच्या बाकावर बसवलं, कुबड्या शेजारी ठेवल्या. ती येणारी-जाणारी माणसं पाहत होती. एक म्हातारा गेला, दोघी पोरी गेल्या, गोदावरीबाई नातवाला घेऊन गेली. मग देवकाबाई म्हणाली, “एवढीशी जागा आमच्या दारात असती तं...” आणि थांबली. शकुनबाईनं तिचा हात घट्ट धरला. दोघी बहिणी रडल्या, मीही रडले, त्यात लपवायचं काय?

मग शकुनबाई डोळे पुसून उठली. तिची फेरीची वेळ झाली होती. हात रिकामे, दोन्ही पायांत जोडवी.

“कुठी चालली व?” देवकाबाईनं विचारलं.

“असंच.”

देवकाबाई हसली. “जाय. अन् एक फेरी माह्या वाटची घालून ये.”

शकुनबाई गेली. डाव्या पायानं थोडी लंगडत, मुरमावर जोडवी वाजवत बाजाराच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. आम्ही सरकून तिला बाकावर जागा केली. ती बसली नाही. बहिणीच्या समोरून तशीच पुढं गेली.